मेलमधल्या वाटेने बँकेत जायचं नाही

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय ७१. त्यांना बँकेच्या नावाने इंग्रजीत मेल आला: पॅन अद्ययावत नसल्यामुळे आज रात्री तुमचं नेट बँकिंग बंद होईल. बोधचिन्ह, रंग, तळाची कायदेशीर सूचना, सगळं हुबेहूब. त्यांनी लिंक उघडून युजर आयडी आणि पासवर्ड भरला. ओटीपीचा चौकोन आल्यावर मात्र हात थांबला आणि त्यांनी पान बंद केलं. पैसे गेलेले नाहीत. आता काय करायचं, पुढच्या वेळी असा मेल ओळखायचा कसा, आणि भावाच्या वर्कशॉपच्या ईमेलवर येणाऱ्या असल्या मेलांचं काय, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी हाताळण्यात. तेव्हा आधी घाईचं काम सांगतो, मग बाकीचं.

ओटीपी दिला नाही म्हणजे सुटलो, असं धरून स्वस्थ बसू नका. युजर आयडी आणि पासवर्ड दोन्ही त्यांच्या हातात आहेत. तेवढ्यावर त्यांना काही वेळा खात्यात डोकावता येतं आणि शिल्लक, मुदत ठेवी, शेवटचे व्यवहार सगळं दिसतं. मग दोन दिवसांनी फोन येतो: "सर, तुमच्या अमुक रकमेच्या एफडीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय ना? आमच्याकडे नूतनीकरणात अडचण दिसतेय." समोरच्याला एफडीची नेमकी रक्कम माहीत आहे म्हटल्यावर कुणाचाही विश्वास बसतो. मेल हा बहुतेक वेळा नाटकाचा पहिला अंक असतो. पैसे दुसऱ्या अंकात जातात. वडिलांना आजच सांगून ठेवा की असा फोन येण्याची दाट शक्यता आहे.

पासवर्ड लगेच बदला, बँकेच्या ॲपमधून किंवा पत्ता हाताने टाइप करून. ॲपमध्ये जाता येत नसेल तर डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून नेट बँकिंग थांबवायला सांगा. हा नंबर गूगलवर शोधू नका. खोटे ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर पेरून ठेवणं हा स्वतंत्र धंदा आहे. एका डॉक्टरांची तक्रार माझ्याकडे आली होती. त्यांनी मेल खोटा आहे हे बरोबर ओळखलं, बँकेला कळवावं म्हणून नंबर शोधला आणि त्या नंबरवर बसलेल्या भामट्याला सगळी माहिती देऊन मोकळे झाले.

पासवर्ड बदलल्यावर खात्यात चार गोष्टी बघा. कुणी नवा लाभार्थी (म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे ते खातं) जोडला आहे का. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत का. व्यवहारांच्या मर्यादा वाढवल्या आहेत का. आणि मुदत ठेवी जागच्या जागी आहेत का. पेन्शनरांच्या बाबतीत चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच बघत नाहीत. बचत खात्यात वीस-पंचवीस हजार असतात, आयुष्याची पुंजी एफडीत असते. "एफडीला हात लावायला शाखेत जावं लागतं" हा समज जुना झाला. अनेक बँकांत एफडी ऑनलाइन मोडता येते किंवा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट उचलता येतो. एफडी दिसायला तशीच, मागे मात्र तिच्यावर कर्ज काढून पैसे नेलेले, अशा तक्रारी मी पाहिल्या आहेत. हाच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, विशेषतः ईमेलला, तर तोही आत्ताच बदला.

समजा पैसे गेलेच असते, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. ही तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेत जाते. ज्या बँकेत रक्कम पोचली तिला तिथून कळवलं जातं, आणि पैसा त्या खात्यात शिल्लक असेल तर तो अडवून ठेवता येतो. चोरीची रक्कम आधी कुणाच्या तरी 'भाड्याच्या' खात्यात जाते. कॉलेजच्या पोरांनी किंवा मजुरांनी दोन-पाच हजारांसाठी वापरायला दिलेली ही खाती. तिथून ती रक्कम आणखी चार खात्यांत फुटते आणि मग एटीएममधून निघते. म्हणून पहिले एक-दोन तास मोलाचे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून फोन करा. आणि १९३० ला कळवलं म्हणजे बँकेला कळवलं असं होत नाही. बँकेकडे वेगळी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, कारण नुकसान कुणी सोसायचं याचं घड्याळ बँकेला कळवल्यावरच थांबतं.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हे घड्याळ ठरवून दिलं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, गडबड मधल्या यंत्रणेत झाली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही बोजा नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. पण पासवर्ड किंवा ओटीपी तुम्ही स्वतःच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. खोट्या मेलचे बहुतेक बळी या शेवटच्या प्रकारात बसतात, आणि इथेच एक एक मिनिट रुपयांत मोजलं जातं. बँकेने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

तरी "पासवर्ड तुम्हीच दिलात, आता आमचा काय संबंध" एवढ्यावर बँक हात झटकू शकते, असंही समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतो. पाच कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे तो ऐकतो. पुण्यातल्या, वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यातल्या एका फर्मच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. मालकांनी खोट्या मेलला उत्तर दिलं होतं, हे उघड होतं. तरीही २०१३ साली तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख द्यायला लावले. ज्या खात्यांत पैसा वळवला ती खाती उघडताना नीट तपासणी झाली नव्हती, हे त्यामागचं कारण. ग्राहकाची चूक होती म्हणून पूर्ण रक्कम मिळाली नाही, पण बँकही सुटली नाही. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी हे आठवण करून दिलेलं आवडत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: असा मेल ओळखायचा कसा?

माझं मत ऐकून तुम्ही थोडे नाराज व्हाल. मेल खरा की खोटा हे ठरवण्याच्या भानगडीत घरच्या माणसाने पडूच नये. पूर्वी सोपं होतं. 'डिअर कस्टमर'चं स्पेलिंग चुकलेलं, बोधचिन्ह फाटकं, भाषा गचाळ. आता भाषा यंत्र लिहून देतं, कधी कधी ती बँकेच्या खऱ्या मेलपेक्षा बरी असते. बँकांचे खरे मेलही काही कमी गोंधळाचे नसतात. त्यातही 'तातडीने केवायसी करा' असतं, त्यातही लिंक असतात, आणि पाठवणारी एखादी भलतीच कंपनी असते. दोन्हीकडून असा घोळ असताना ७१ वर्षांच्या माणसाने डोळे ताणून फरक शोधावा ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून मी एकच नियम सांगत आलो आहे: मेलमधल्या वाटेने बँकेत जायचं नाही. मेल काहीही म्हणो, तो बंद करायचा आणि आपल्या नेहमीच्या वाटेने जायचं. ॲप उघडायचं, नाहीतर शाखेत फोन करायचा, नाहीतर चपला घालून शाखा गाठायची. पॅनची खरंच अडचण असेल तर ती ॲपमध्ये दिसेल, काउंटरवरच्या माणसाला दिसेल. मेल खरा निघाला तरी तुमचं काही बिघडत नाही, काम दहा मिनिटं उशिरा होतं इतकंच. या नियमाला डोळे, इंग्रजी किंवा तंत्रज्ञान यांतलं काही लागत नाही.

तरीही ओळखता आलेलं चांगलं, तेव्हा तेही सांगतो.

पाठवणाऱ्याचं नाव आणि पाठवणाऱ्याचा पत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर फक्त नाव दिसतं, आणि नाव हवं ते लिहिता येतं. आंतर्देशीय पत्राच्या मागे 'प्रेषक' म्हणून कुणीही काहीही लिहू शकायचा, पोस्टमन ते तपासत नसे. तसंच आहे हे. नावावर बोट टेकवलं की खरा पत्ता उघडतो. आज मोठ्या मेलसेवा पत्ता तपासतात, त्यामुळे थेट बँकेच्या पत्त्याची नक्कल करणं अवघड झालंय. मग भामटे काय करतात, तर बँकेच्या नावासारखा दुसराच पत्ता रीतसर विकत घेतात. तो सगळ्या तपासण्यांत पास होतो, कारण तो खरोखर त्यांचाच असतो. 'तपासणी पास' याचा अर्थ एवढाच, की पत्र ज्याच्या नावाने आलंय त्यानेच पाठवलंय. तो माणूस सज्जन आहे, असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

लिंकचा पत्ता वाचायची पद्धत वडिलांना त्यांच्याच भाषेत समजावता येईल. महाराष्ट्रात वडगाव नावाची गावं किती आहेत? पाकिटावर नुसतं 'वडगाव' लिहून भागत नाही. पत्र कुठे जाणार हे शेवटचा तालुका आणि जिल्हा ठरवतो. वेबसाइटचा पत्ताही असाच शेवटून वाचायचा. पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिच्या लगेच डावीकडचे शब्द बघायचे. समजा पत्ता आहे 'अमुकबँक डॉट कॉम डॉट पॅनअपडेट डॉट टॉप'. सुरुवातीला बँकेचं नाव आहे म्हणून माणूस फसतो, पण हे पत्र जाणार 'पॅनअपडेट डॉट टॉप' या जिल्ह्याला. 'अमुकबँक' हे त्यातल्या वाडीचं नाव, आणि वाडीला नाव काय द्यायचं हे मालकाच्या मर्जीवर.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने अलीकडे एक चांगलं काम केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवट जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं तिकडे हलवायला सांगितली. हा पत्ता हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनेच उभी केलेली संस्था देते आणि फक्त बँकांना देते. कुणीही उठून तो विकत घेऊ शकत नाही. म्हणजे जिल्हा 'बँक डॉट इन' दिसला तर आपण ठिकाणावर आहोत. पण डोळ्यांत तेल घालून बघा: 'बँक'च्या आधी टिंब हवं, आणि 'बँक' आणि 'इन' यांच्यामध्येही टिंबच हवं. 'अमुकबँक-इन डॉट कॉम' असा आडव्या रेघेचा पत्ता कुणालाही मिळतो. आणि बँकेचा प्रत्येक मेल याच शेवटाच्या पत्त्यावरून येईल असंही गृहीत धरू नका; ही खूण संकेतस्थळ ओळखायला.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. आम्हीच पूर्वी 'कुलूप बघा' असं सांगत फिरायचो, आता तोच सल्ला लोकांच्या अंगलट येतो. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही, इतकंच. ते संकेतस्थळ चोराचं असेल तर तुमचं आणि चोराचं बोलणं गुप्त राहतं. असं कुलूप फुकट मिळतं. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

आणखी एक युक्ती लोक एकमेकांना सांगतात: आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकायचा, संकेतस्थळाने तो स्वीकारला तर ते खोटं. ही विसरा. आजची खोटी संकेतस्थळं तुम्ही टाइप केलेलं त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या पानावर भरून बघतात. पासवर्ड चूक असेल तर खरी बँक नकार देते आणि तोच नकार तुम्हाला दाखवला जातो. ओटीपीचं तेच. तुमच्या फोनवर आलेला ओटीपी खरा असतो, खऱ्या बँकेने पाठवलेला असतो. फक्त तो मागवलेला असतो दुसऱ्याने. म्हणून ओटीपीच्या संदेशातले सहा आकडे वाचण्याआधी त्यामागचं वाक्य वाचायचं. ते म्हणतं 'नवा लाभार्थी जोडण्यासाठी' किंवा 'अमुक रुपये पाठवण्यासाठी', आणि तुम्ही तर पॅन जोडायला बसला आहात! वडिलांचा हात नेमका इथेच थांबला असेल, तर त्यांनी आमच्या बऱ्याच तरुण ग्राहकांपेक्षा चांगलं वाचन केलं.

जोडलेल्या फाइलींबद्दल थोडं. बँकेचं खरं विवरणपत्र साधारणपणे पीडीएफ असतं आणि त्याला स्वतःचा पासवर्ड असतो; नावाची काही अक्षरं आणि जन्मतारीख, असा काहीतरी. खोट्या मेलमध्ये 'स्टेटमेंट' नावाची एचटीएमएल फाइल येते. ती उघडली की ब्राउझरमध्ये बँकेसारखं पान दिसतं आणि विवरणपत्र बघण्यासाठी नेट बँकिंगचा पासवर्ड मागतं. हे सरळ सरळ जाळं. फाइल उघडायला नेट बँकिंगचा पासवर्ड कधीच लागत नाही. आणि मेल असो की व्हॉट्सॲप, एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल फोनवर घ्यायची नाही. तिच्यातून तुमचे एसएमएस परस्पर दुसरीकडे वाचले जाऊ शकतात. क्यूआर कोड पाठवून 'मोबाइलने स्कॅन करा' म्हणणारे मेलही याच जातीचे. लिंक चित्रात लपवली की मेलसेवेच्या गाळणीला ती वाचायला अवघड जाते, म्हणून हा खटाटोप.

एवढं सगळं माहीत असूनही माणूस का फसतो, याचं उत्तर मला स्वतःवरूनच मिळालं. नोव्हेंबर २०२० मध्ये बँक कर्मचाऱ्यांचा अकरावा द्विपक्षीय वेतन करार झाला. पगाराची थकबाकी किती मिळणार याचीच चर्चा सगळीकडे. त्या दिवसांत मला मेल आला: 'तुमच्या थकबाकीचा तक्ता'. मी तो उघडला. लिंक दाबली. समोर पान आलं: 'ही आपल्या माहिती सुरक्षा विभागाची चाचणी होती. आपण या चाचणीत नापास झालात.' दर महिन्याला इतरांना हेच शिकवणारा मी. मेल काही फार कसबी नव्हता, पण वेळ अचूक होती. मी ज्याची वाट बघत होतो तेच तो घेऊन आला.

भामट्यांना तुमची वैयक्तिक माहिती असतेच असं नाही. ते लाखो मेल पाठवतात, आणि त्यातल्या काहींच्या घरी त्या दिवशी तोच विषय चाललेला असतो. जुलैत प्राप्तिकर परताव्याचे मेल, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे, मार्चअखेर केवायसीचे. या महिन्यांत वडिलांना आधीच बजावून ठेवा. त्यात आपल्याकडे आणखी एक खोड आहे. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत काही आलं की ते सरकारी वाटतं. मराठीत कुणी 'आज रात्री खाते बंद' असं लिहिलं असतं तर मास्तरांनी लाल शाई काढली असती; इंग्रजी म्हटल्यावर त्यांनी निमूटपणे ऐकलं.

भावाच्या वर्कशॉपचं प्रकरण वेगळं, आणि खरं सांगायचं तर जास्त धोक्याचं. तिथे भामटा बँकेचं सोंग घेत नाही. तो तुमच्या ओळखीच्या पुरवठादाराचं किंवा गिऱ्हाइकाचं सोंग घेतो. निफाडकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराची तक्रार आठवते. नेदरलँड्सच्या खरेदीदाराशी त्यांचा अनेक वर्षांचा व्यवहार. कुणीतरी त्यांच्या मेलपेटीत शिरून कित्येक आठवडे नुसतं वाचत बसलं होतं. मेलपेटीत एक नियम लावून ठेवला होता, 'पेमेंट' शब्द असलेला प्रत्येक मेल परस्पर दुसरीकडे जाईल असा. कंटेनर पोचला, बिल निघालं, आणि नेमक्या त्या दिवशी खरेदीदाराला मेल गेला: 'आमच्या बँकेत ऑडिट चालू आहे, या वेळची रक्कम या खात्यात पाठवा.' पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एकच अक्षर वेगळं होतं, 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. छोट्या अक्षरांत लिहून बघा, फरक दिसतो का ते. रक्कम तिसऱ्याच देशात गेली. निर्यातदार म्हणे पैसे मिळाले नाहीत, खरेदीदार म्हणे आम्ही दिले. दोघंही खरं बोलत होते.

भावाला सांगा, बँक खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या, वहीत लिहिलेल्या नंबरवर फोन करून त्या माणसाच्या आवाजात खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना लाभार्थ्याचं खात्यावरचं नाव बघण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. रक्कम पाठवण्याआधी ते नाव बिलावरच्या नावाशी ताडून बघा. पूर्वी नाव काहीही लिहा, पैसे खाते क्रमांकावरच जात असत, आणि याच फटीतून पुष्कळ पैसा गळाला. महिन्यातून एकदा मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन कुणी फॉरवर्डिंग किंवा गाळणीचा नियम लावलाय का, तेही बघायचं. नोकरीच्या अर्जांबरोबर येणाऱ्या फाइलींचीही काळजी घ्या. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले, त्याची सुरुवात वर्षभर आधी कर्मचाऱ्यांना आलेल्या नोकरीच्या अर्जाच्या साध्या मेलने झाली होती. वर्कशॉपचं बँकेचं काम ज्या संगणकावर चालतं, त्यावर आलेले बायोडाटा उघडू नका; जुना लॅपटॉप असेल तर तो त्यासाठी ठेवा.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. बँकेसाठी वेगळा ईमेल ठेवा, जो दुकानांना, लग्नाच्या संकेतस्थळांना, सोसायटीच्या ग्रुपला दिलेला नाही. मग जुन्या मेलवर 'बँकेचा' मेल आला की तो उघडायचीही गरज नाही. बँकेला तो पत्ता माहीतच नाही. या वेगळ्या ईमेलला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाईल. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून आपोआप भरणारं साधन) वापरत असाल तर तो उत्तम राखणदार आहे. त्याला बोधचिन्हाने फसवता येत नाही. पत्ता जुळला नाही की तो पासवर्ड भरतच नाही. तो गप्प बसला की तुम्हीही थांबायचं. वडील ऑनलाइन पैसे पाठवतच नसतील तर ती मर्यादा शून्यावर आणा किंवा खातं फक्त बघण्यापुरतं ठेवा. बऱ्याच बँकांत ही सोय आहे.

आणि त्यांना रागावू नका. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, कामाचा भाग म्हणून सांगतोय. मी पाहिलेल्या तक्रारींत पैसे परत मिळवण्याचा सगळ्यांत मोलाचा वेळ बहुतेकदा 'घरी कसं सांगू' या विचारात गेलेला असायचा. एका बाईंनी नवऱ्याला कळू नये म्हणून चार दिवस दम धरला; आमच्यापर्यंत आल्या तेव्हा पैसा पाच खात्यांतून फिरून गेला होता. तुमच्या वडिलांनी त्याच दुपारी तुम्हाला फोन केला. तो पुढच्या वेळीही यायला हवा.

तो मेल डिलीट करू नका. फॉरवर्ड केल्यावर त्याची मूळ माहिती पुसली जाते. जीमेलमध्ये संगणकावर 'मूळ संदेश डाउनलोड' असा पर्याय आहे, त्यातून फाइल जतन करा आणि बँकेला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरच्या तक्रारीला तीच जोडा. सोमवारी वडिलांना घेऊन शाखेत जा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एफडी ऑनलाइन मोडण्याची आणि तिच्यावर कर्ज काढण्याची सोय बंद करता येते का विचारा. पासबुकही भरून घ्या. छपाईच्या यंत्रापुढे अकरानंतर रांग लागते, तेव्हा शाखा उघडताच पोचा.